वळणावरची हाळी

त्या धुलाई कारखान्यात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या. मळक्या चादरी मागच्या दाराने आत, धुतलेल्या पुढच्या दाराने बाहेर, आणि या दोन दारांच्या मधोमध एक वळण होतं. वळणाच्या एका बाजूला धुण्याची खोली, दुसऱ्या बाजूला घड्यांची. धुण्याचं मोठं यंत्र पाणी सोडायचं, ते बहुतेक वेळा जाळीतून मुकाट खाली जायचं आणि कधीतरी लहर लागल्यासारखं फरशीवर पसरायचं. आता पसरलेलं पाणी दिसतं, नाही असं नाही. पण ज्याला बघता येतं त्याला दिसतं. चादरींचा गठ्ठा कपाळापर्यंत रचून निघालेल्या बाईला नाकापुढचं दिसत नाही, तिला पायापुढचं कुठून दिसणार?

म्हणून तिथल्या बायकांनी आपली आपण एक रीत पाडली होती. गठ्ठेवाली वळणाच्या आधी ओरडायची, “आले!” वळणावर इस्त्रीच्या यंत्राशी जी उभी असेल ती मान वळवून फरशी बघायची आणि उलट हाळी द्यायची, “कोरडं!” नाहीतर, “ओलं!” ओलं म्हटलं की गठ्ठेवाली जागच्या जागी थांबायची. कोरडं म्हटलं की पायाने न चाचपता झपाझप चालत सुटायची. रिकाम्या हाताने जाणारीला ही हाळी नव्हती. एकदा एका नव्या मुलीने हात हलवत येता येता “आले!” म्हटलं, तर घड्यांच्या खोलीतून उत्तर आलं, “या बाईसाहेब, पायघड्याच घालतो!” पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्या बाईसाहेबच म्हणत होत्या. मालक वरच्या मजल्यावर बसायचे. त्यांच्या लेखी हा सगळा नुसता बायकांचा आरडाओरडा होता.

इस्त्रीवर असायची धाकटी. घरात सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. तिला या कामावर तिच्या वहिनीने लावलं, तेव्हा ते नावही मागोमाग कारखान्यात आलं. वहिनी गठ्ठे उचलायची. अंगाने किरकोळ, पण दोन बायकांचा गठ्ठा एकटी न्यायची. एरवी ती नणंदेला “अगं धाकटे” म्हणायची आणि रागावली की एकदम “वन्सं” म्हणून अहोजाहोवर यायची. त्यामुळे घरात हवा कशी आहे हे धाकटीला पहिल्या शब्दालाच कळायचं.

त्या संध्याकाळी पाळी संपली होती. बाकीच्या बायका पांगल्या होत्या. वहिनीनेही दारातल्या यंत्रात हजेरीचं कार्ड दाबलं होतं, ॲप्रन काढला होता. तेवढ्यात तिला दिसलं की दवाखान्याची गाडी निघायच्या बेतात आहे आणि एक गठ्ठा टेबलावर तसाच राहिला आहे. “मेल्यांनो, हा काय तुमचा बाप नेणार?” असं पुटपुटत ती आत वळली. धाकटीच्या यंत्रात एका अभ्र्याची कड अडकली होती. कड करपायच्या आत ओढून काढायची म्हणून ती वाकली होती. पाठीमागून आवाज आला, “आले!”

धाकटीने मान वळवली नाही. दिवसभर फरशी कोरडीच होती. शब्द आपोआप तोंडातून सुटला, “कोरडं!”

आणि मग तो आवाज. तो काही मोठा नव्हता. ओला टॉवेल कोणी जमिनीवर आपटावा तसा. धाकटी वळली तेव्हा वहिनी आडवी होती, चादरी तिच्या अंगावर आणि आजूबाजूला, आणि चादरींच्या कडा हळूहळू पाणी पिऊन गडद होत होत्या.

वहिनीच्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आत सळई बसली, आणि घरातली पुढची खोली वहिनीची झाली. इकडे कारखान्यात दुसऱ्या दिवशी मालकांनी धाकटीला वर बोलावलं. “तू तिथेच होतीस. काय पाहिलंस?”

“माझी पाठ होती,” धाकटी म्हणाली. “मी काही पाहिलं नाही.”

यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. खोटं बोलायला धाडस लागतं. असं खरं बोलायला काहीच लागत नाही, म्हणून माणसं ते जास्त बोलतात. पण जिना उतरताना ती प्रत्येक पायरी बघून पाय टाकत होती.

थोड्याच दिवसांत मालकांचं म्हणणं घरी येऊन पोचलं. बाई कामावर नव्हती. तिने कार्ड दाबलं होतं. विसरलेली छत्री घ्यायला ती परत आत आली आणि स्वतःच्या निष्काळजीपणाने पडली; पडता पडता टेबलाला हात घातला म्हणून चादरी खाली आल्या. कारखान्याचा संबंध नाही.

“छत्री?” वहिनी पलंगावरून ओरडली. “पाऊस तरी होता का त्या दिवशी!”

दादाने मग वकीलबाईंना घरी आणलं. दादाच्या मित्राची ही मावशी. आधी शाळेत शिकवायच्या, मग वकील झाल्या, आणि शाळा काही त्यांच्या बोलण्यातून गेली नव्हती. स्टुलावर बसून त्यांनी वहिनीला विचारलं, “घसरलीस, अडखळलीस, की पाय चुकला?”

“पडणं ते पडणं,” आई कोपऱ्यातून म्हणाली. धाकटीच्या आईला वकिलांचा भरवसा नव्हता. “त्यात कसले आलेत प्रकार?”

“आजी, ताप तो ताप म्हणून डॉक्टर औषध देतो का? विचारतोच ना, थंडी वाजते का, खोकला आहे का?” वकीलबाईंनी खुर्चीवरची उशी उचलून जमिनीवर ठेवली. “हे बघा. माणूस घसरला, तर कायदा फरशीकडे बघतो. काय सांडलं, कधीपासून सांडलं होतं, ज्याची जागा त्याला ते कळलं होतं का, किंवा कळायला हवं होतं का. माणूस अडखळला, या उशीसारखं काही पायात आलं, तर कायदा त्या वस्तूकडे बघतो. ती वाटेत का होती? दिसण्यासारखी होती का? पायरी चुकली, तर पायरीची उंची सारखी होती का, जिन्यात उजेड होता का. शिडीवरून कोसळला, तर शिडी धरायला कोण होतं, कठडा होता का. पडणं एकच, पण प्रश्न वेगळे.”

“आणि आपल्याच पायात आपला पाय अडकला तर?”

“तर आजी, आपला आपणच चोळायचा.”

वहिनी हसली आणि लगेच कळवळली. हसलं की खुबा दुखायचा. धाकटी तिच्या उशाशी बसून सफरचंद कापत होती.

“आता खरी मेख ऐका,” वकीलबाई म्हणाल्या. “कुठे पडलात याहून कोण म्हणून पडलात याला जास्त वजन आहे. दुकानात गिऱ्हाईक घसरलं, तर दुकानदाराची चूक त्याला दाखवून द्यावी लागते. पण कामगार काम करता करता पडला, तर चूक कोणाची हे विचारतच नाहीत. काम करत होता आणि कामामुळे पडला, एवढं पुरे. म्हणून तर मालक तुमच्या सुनेला कामगाराची पाहुणी करायला बघतायत. पाहुणी म्हटलं की सगळे प्रश्न परत आले. पाणी कोणी सांडलं, कोणाला माहीत होतं, जागा कोरडी आहे असं कोणी सांगितलं होतं का…”

सुरी धाकटीच्या अंगठ्यावरून गेली. फार नाही, कातडं सुटलं इतकंच.

“हिला काही सांगायला नको,” आई म्हणाली, “लगेच धांदरटपणा.”

“कार्डाचं काय?” दादाने विचारलं.

“कार्डावरून पगार कुठवर ते कळतं. काम कुठवर ते नाही. मालकाचा गठ्ठा मालकाच्या गाडीत पोचवत होती, म्हणजे कामच करत होती. पण गठ्ठा हातात होता हे कोणी पाहिलंय?”

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं.

“माझी पाठ होती,” धाकटी अंगठा चोखत म्हणाली.

“मला गठ्ठा उचलल्यापर्यंत आठवतं,” वहिनी म्हणाली. “नंतर एकदम छतावरचा दिवा.”

वहिनीला खरंच आठवत नव्हतं, की आठवत असून ती गप्प होती? धाकटी त्या दिवसापासून वहिनीच्या चेहऱ्यावर हेच शोधू लागली. वकीलबाईंनी एवढं समजावून सांगितलं, पण चोराच्या मनात चांदणं. धाकटीच्या डोक्यात त्यातलं एकच वाक्य राहिलं होतं. जागा कोरडी आहे असं कोणी सांगितलं होतं का?

कारखान्यात तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. “आले!” ऐकू आलं की ती यंत्र सोडून वळणापर्यंत जायची, वाकून बघायची, पायाने फरशी चोळून बघायची, आणि परत आल्यावर सुद्धा तिला “कोरडं” म्हणवायचं नाही. गठ्ठा धरून ताटकळलेल्या बायका वैतागायच्या. “अगं, फरशी बघतेस की मुलगी बघायला आलीस? पसंत आहे का नाही ते सांग!” धाकटी हसायची नाही. घरी आली की वहिनीचं करायला धावायची, न सांगता तिचे पाय चेपायची, उशी सारखी करायची, पुन्हा सारखी करायची. “जरा बस की एका जागी,” वहिनी म्हणायची. “पाय माझा मोडलाय, नाचतेयस तू.”

शेवटी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती वकीलबाईंच्या कचेरीत गेली. डबा हातात तसाच. बसा म्हटलं तरी बसेना.

“मला एक विचारायचंय. समजा, एखाद्या बाईने न बघता कोरडं म्हटलं, तर तिला शिक्षा होते का?”

“कोण एखादी?”

“आहे एक.”

“बरं. आणि कोरडं म्हटलं म्हणजे काय केलं तिने?”

तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की हाळीची गोष्ट वकीलबाईंना कोणी सांगितलेलीच नाही. वहिनीने नाही, तिने नाही, दादाला तर ठाऊकच नव्हती. त्या बायकांना तो रोजचा श्वास होता. श्वास घेते असं कोण सांगत बसतं? मग तिने सांगितली. आले म्हणजे काय, ओलं म्हणजे काय, ती बाईसाहेबांची फजिती सुद्धा. सांगता सांगता ती ‘एखादी’ कधी गळून पडली आणि ‘मी’ कधी आलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

वकीलबाईंनी चष्मा काढला. “म्हणजे रिकाम्या हाताने जाणारी ‘आले’ म्हणत नाही?”

“छे! टर उडवतील तिची.”

“आणि तुझ्या वहिनीने म्हटलं.”

“हो. म्हणून तर मी…”

“तुला कळतंय का, तू आत्ता काय सांगितलंस?”

“मी तिला पाडलं,” धाकटी म्हणाली आणि रडू लागली.

“ते तुझ्या कानाला ऐकू येतंय. मला ऐकू आलं, की तिच्या हातात गठ्ठा होता.” वकीलबाईंनी तिला रडू दिलं. ज्याने शाळेत शिकवलंय त्याला रडण्याची घाई करता येत नाही हे माहीत असतं. मग म्हणाल्या, “हे मी तुझ्या वतीने सांगणार नाही. सांगायचं तर तू सांगायचं, आणि सगळं सांगायचं. हाळी दिली म्हणायचं आणि न बघता दिली ते गाळायचं, असं जमणार नाही. तू ऐकलेल्या हाळीवर विश्वास बसेल तो तुझ्या त्या चुकीमुळेच बसेल.”

“आणि माझं काय होईल?”

“लक्ष चुकलं म्हणून तुला कोणी कोठडीत टाकत नाही. मालक ओरडतील. इस्त्रीवरून काढतील कदाचित. राहता राहिली वहिनी.” त्यांनी चष्मा परत घातला. “वहिनीचा कायदा मला कोणी शिकवलेला नाही, बाई.”

चौकशीच्या दिवशीपर्यंत धाकटीने घरी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा भलतंच बोलली. एकदा भाजीत मीठ कमी पडलंय म्हणाली.

चौकशी एका सरकारी खोलीत होती. टेबलामागे अधिकारी, शांत आवाजाचे, सारखे घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करणारे. एका बाजूला मालक. दुसऱ्या बाजूला चाकाच्या खुर्चीत वहिनी, मागे दादा, शेजारी वकीलबाई. मालकांनी छत्रीची गोष्ट सांगितली. सांगता सांगता छत्रीला रंगसुद्धा आला होता. मग अधिकाऱ्यांनी धाकटीला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत?

“पाहिलं काही नाही,” धाकटी म्हणाली. तिने टेबलाची कड धरली होती. “माझी पाठच होती. पण मी ऐकलं. वहिनी ‘आले’ म्हणाली. आम्ही गठ्ठा हातात असल्याशिवाय तसं म्हणत नाही. आणि मी बघून सांगायला हवं होतं, ओलं की कोरडं. मी बघितलं नाही. तशीच ‘कोरडं’ म्हणाले. तिने माझं ऐकलं आणि पाय टाकला.”

वहिनीची खुर्ची करकरली. धाकटीने तिकडे बघितलं नाही.

“साहेब, ही घरची बाई,” मालक म्हणाले. “घरच्यांसाठी काय वाटेल ते बोलेल.”

“घरच्यांसाठी खोटं बोलणारे इथे रोज येतात,” अधिकारी म्हणाले. “पण ते स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत नाहीत. आणखी कोणी होतं का त्या वेळी इमारतीत?”

बॉयलरवाला होता. तो बाहेर बाकावरच बसला होता, मालकांनीच त्याला कार्डाचं सांगायला आणलं होतं. अधिकाऱ्यांनी त्याला आत बोलावून विचारलं, त्या वेळी काही ऐकलंस का?

“ऐकलं की. ‘आले’ ऐकलं, मग हिचं ‘कोरडं’ ऐकलं. मी म्हटलं मनात, सगळ्या गेल्या आणि आता कोण गठ्ठा नेतंय?”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“साहेब, मला विचारलं, पडताना पाहिलंस का. पडताना नाही पाहिलं.”

मालक एकदम पुढे सरकले. “पण मग हिच्यामुळेच पडली की! नणंदेने भावजयीला पाडलं, यात माझा काय संबंध?”

“हाळी कोणाच्या कामासाठी दिली?” अधिकारी म्हणाले. “फरशी कोणाची? गठ्ठा कोणाचा? तुम्ही म्हणत होता ती बाई कामावर नव्हती. आता तुम्हीच सांगताय की एक कामगारीण चुकली आणि दुसरी पडली. असं कामावरच होतं. आणि कामावरच्या पडण्यात चूक कोणाची, हे मी विचारायला बसलेलो नाही.” त्यांनी लिहायला घेतलं.

बाहेरच्या व्हरांड्यात दादा नुसता फुलून गेला होता. वकीलबाईंचे आभार मानून झाले, बॉयलरवाल्याचे मानून झाले. गाडीशी आल्यावर वहिनीने मान वर केली.

“वन्सं, इतके दिवस माझ्या उशाशी बसून सफरचंदं कापत होतात. तेव्हा जीभ कुठे गहाण टाकली होती?”



“मी रोज रात्री डोकं फोडून घेत होते. माझं कुठे चुकलं, मी बघितलं कसं नाही, माझ्या पायाला कळलं कसं नाही. आणि तुम्हाला ठाऊक होतं.”

“जाऊ दे गं,” दादा मध्ये पडला. “जिंकलो ना आपण.”

“तुम्ही जिंकला असाल,” वहिनी म्हणाली. “मी पडले.”

घरात मग अबोला सुरू झाला. वहिनी दादाला हाक मारायची, आईला हाक मारायची, पाणी हवं असलं आणि धाकटी समोर असली तर हाक न मारता तहानेली राहायची. आईने एकदा दोघींना ऐकू जाईल असं म्हटलं, “माझ्या घरात दोन भिंती वाढल्यात, वारा येईना, पंखा आणायला हवा.” कोणी हसलं नाही. कारखान्यात धाकटीने स्वतःच घड्यांच्या खोलीत जागा मागून घेतली. तिथे तिला हाळी द्यावी लागत नव्हती, पण वळणावरून दर वेळी “आले!” ऐकू आलं की हातातली घडी मोडायची आणि ती परत सुरुवातीपासून घालायची.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की आता वहिनीने चार पायांची चौकटीची काठी धरून न्हाणीघरापर्यंत आपली आपण जायचं. पहिल्या दिवशी नेमका दादा कामावर, आई बाजारात. वहिनीने पलंगाच्या कडेवर बसून बराच वेळ वाट बघितली. मग उठली. काठी पुढे, पाय पुढे, काठी पुढे. धाकटी स्वयंपाकघरातून ऐकत होती, पुढे यायची तिची हिंमत होत नव्हती. काठी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी थांबली आणि थांबूनच राहिली.

धाकटी बाहेर आली. आत फरशी ओली होती. सकाळी कपडे धुतले होते. तिने फडकं घेतलं, गुडघ्यांवर बसली आणि कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत फरशी पुसली. फडकं पिळलं, पुन्हा पुसली.

“पुसलं,” ती उठून म्हणाली.

वहिनीने पाय टाकला नाही. तिच्या मुठी काठीवर पांढऱ्या पडल्या होत्या. “तुझ्या सांगण्यावर मी पाय टाकायची नाही,” ती म्हणाली.

बऱ्याच दिवसांनी ती धाकटीशी बोलली होती, आणि हे बोलली. धाकटीने मान हलवली आणि ती बाजूने निघायला लागली.

“कुठे चाललीस? आधी तू चाल. अनवाणी. मला बघू दे.”

धाकटीने चपला काढल्या. ती उंबऱ्यावरून नळापर्यंत गेली आणि परत आली, प्रत्येक पावलावर सगळं अंग टाकून.

“त्या कोपऱ्यातून.”

ती कोपऱ्यातून चालली.

“आता नळाशी उभी राहून गोल फिर.”

ती फिरली. वहिनी तिच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती पायांकडे बघत होती, टाच कुठे पडते, बोटं कुठे दाबली जातात. मग तिने काठी उचलली आणि धाकटीचा डावा पाय जिथे पडला होता बरोबर तिथे टेकवली. धाकटी तिला धरायला मागे जाऊ लागली.

“मागे नको,” वहिनी म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. “पुढेच राहा. मला तू दिसायला हवीस.”

धाकटी तिच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि एकेक पाऊल मागे सरकू लागली.